सहा दिवसांचे अंदमान आणि सोबत सत्तरीचे आईवडील

आपण विचारले आहे की, पत्नी, दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीचे आईवडील यांना घेऊन दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत सहा रात्रींसाठी अंदमानला जायचे आहे आणि प्रवास कंपनीने पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, बाराटांग आणि दिगलीपूर अशी पाच ठिकाणे सुचवली आहेत, तर हे सगळे जमेल का? मी अंदमानला दोनदा गेलो आहे, दुसऱ्या खेपेस माझी आईही बरोबर होती. त्या अनुभवावरून सांगतो की यातली शेवटची दोन ठिकाणे आपण सोडून द्यावीत आणि शक्य असेल तर या दोन्ही सुट्यांऐवजी तिसरा काळ निवडावा.

आधी काळाविषयी लिहितो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. दर वर्षी मे महिन्याच्या उत्तरार्धात ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी वाचून आपण महाराष्ट्रात सुखावतो. परंतु आपल्याकडे उकाडा शिगेला पोहोचलेला असताना तिथे पाऊस सुरू झालेला असतो, हा त्या बातमीचा दुसरा अर्थ सहल आखताना आपल्या लक्षात येत नाही. दिवाळीच्या सुमारास नैर्ऋत्य मान्सून परतलेला असला तरी ईशान्य मान्सूनचे दिवस असतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचाही हंगाम आहे. म्हणजे आपल्या शाळांच्या दोन्ही मोठ्या सुट्या नेमक्या तिथल्या बेभरवशाच्या हवेत येतात. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत समुद्र बहुधा शांत असतो आणि पाणी नितळ असते. मुलाची शाळेतून चार-पाच दिवसांची रजा काढावी लागली तरी मी आपल्याला फेब्रुवारीच सुचवीन.

हे इतक्या आग्रहाने सांगण्यामागे माझा पहिला प्रवास आहे. आम्ही दिवाळीच्या सुटीत गेलो होतो. आमच्या प्रवास कंपनीने शेवटच्या दिवशी सकाळी हॅवलॉकहून बोटीने पोर्ट ब्लेअर आणि दुपारी तिथून चेन्नईचे विमान असा कार्यक्रम बांधून दिला होता. आदल्या रात्री वारा सुटला, सकाळी बोटी बंद असल्याची सूचना लागली आणि आम्ही धक्क्यावर सामान घेऊन उभे असताना आमचे विमान निघून गेले. समुद्र खवळला की बोटी थांबवल्या जातात आणि त्या थांबवल्याच पाहिजेत. त्यामुळे दोष हवामानाचा नव्हता, असा कार्यक्रम आखणाऱ्याचा होता आणि तो न तपासणाऱ्या माझाही होता. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच असावा, ही एक अट आपण कोणत्याही कंपनीपुढे ठाम ठेवावी. दुसऱ्या बेटावर एक रात्र जास्त मिळते म्हणून ती सोडू नये.

आता प्रकाशाविषयी. पोर्ट ब्लेअर सुमारे 93 अंश पूर्व रेखांशावर आहे आणि घड्याळ मात्र आपलेच आहे. त्यामुळे तिथे सूर्य मुंबईपेक्षा साधारण 80 मिनिटे आधी माथ्यावर येतो. डिसेंबरात सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि फेब्रुवारीतही साडेपाचच्या आत. आपल्या सवयीप्रमाणे नऊला न्याहारी, दहाला बाहेर पडणे आणि चारनंतर समुद्रकिनारा असा दिवस ठेवलात, तर प्रत्येक ठिकाणी पोहोचेपर्यंत अंधारायला लागेल. तिथे पहाटे पाचला उठून सहाला बाहेर पडावे, अकरा ते दोन आराम करावा आणि तीनच्या आत पुन्हा किनाऱ्यावर असावे. आपल्या आईवडिलांना पहाटे उठण्याची सवय असणारच, त्यामुळे ही दिनचर्या तरुणांपेक्षा त्यांनाच अधिक मानवेल. माझ्या आईचे तरी तसेच झाले.

पहिला दिवस पोर्ट ब्लेअरला द्यावा. 2024 मध्ये या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले. त्याआधी 2018 मध्ये हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे नामकरण झाले होते. बोलण्यात अजून जुनी नावेच ऐकू येतात, परंतु तिकिटांवर नवी नावे दिसली तर गोंधळू नये. दुपारी सेल्युलर जेल पाहावे आणि त्यासाठी किमान दोन तास ठेवावेत. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या मधल्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात भुजा होत्या. त्यांपैकी आज तीनच उभ्या आहेत. एका भुजेतल्या कोठड्यांसमोर दुसऱ्या भुजेची पाठ येईल अशी रचना असल्यामुळे एका कैद्याला दुसऱ्याचा चेहरा दिसत नसे. मराठी माणूस इथे सावरकरांची कोठडी पाहायला येतो, ती वरच्या मजल्यावर आहे. त्यांना जुलै 1911 मध्ये इथे आणले गेले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्याआधीच याच भिंतींच्या आत होते आणि दोघांनाही 1921 मध्ये भारताच्या मुख्य भूमीवर परत नेण्यात आले.

माझी कळकळीची विनंती आहे की त्या एका कोठडीपाशी छायाचित्र काढून परत फिरू नये. आत लावलेल्या नावांच्या पाट्या सावकाश वाचाव्यात. त्यांत बंगालमधील क्रांतिकारकांची नावे सर्वाधिक आहेत, पंजाबमधील अनेक आहेत, आणि 1933 च्या उपोषणात प्राण गेलेले महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्र यांची आठवणही इथे जपलेली आहे. मुलाला कोलू म्हणजे तेलाचा घाणा दाखवावा आणि बैलाच्या जागी माणसाला जुंपून ठरलेले तेल गाळून घेतले जात असे, हे तिथेच उभे राहून सांगावे. दहा वर्षांच्या मुलाला ते पुरते समजते. सायंकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटे मर्यादित असतात, ती आधीच काढून ठेवावीत. आईवडिलांना जिने चढणे कठीण वाटत असेल तर त्यांनी खालचे प्रांगण आणि संग्रहालय पाहावे आणि कार्यक्रमाला सगळ्यांनी एकत्र बसावे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक. सरकारी बोटीला साधारण अडीच तास लागतात, खासगी वेगवान बोटी दीड-दोन तासांत पोहोचवतात. सरकारी बोट स्वस्त आहे आणि तिच्यावर मोकळ्या हवेत उभे राहता येते, पण तिकीट मिळवणे अवघड जाते. खासगी बोटी वातानुकूलित आणि बंद असतात. ज्यांना बोट लागते त्यांना या बंद बोटीतच अधिक त्रास होतो, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी, मधल्या भागातील आसने मागावीत, पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि खिशात आलेपाक ठेवावा. दुपारच्या बोटीपेक्षा सकाळची बोट बरी, कारण ती रद्द झालीच तर दुसरी सोय पाहायला दिवस हाताशी उरतो.

हॅवलॉकला दोन पूर्ण रात्री हव्यातच. धक्क्यापासून राधानगर किनारा सुमारे 12 किलोमीटरवर आहे आणि तो पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्यास्तासाठी तिथेच जायचे. उंच महुआच्या झाडांची दाट राई संपते तिथून पांढरी वाळू सुरू होते. आपल्या कोकणातील किनाऱ्यांवर वाढलेल्या माझ्या आईने तिथे पहिली गोष्ट पाहिली ती म्हणजे सावली. झाडांखाली बसूनही समुद्र समोर दिसतो, त्यामुळे वडीलधाऱ्यांना उन्हात तिष्ठावे लागत नाही. पूर्वेकडचा काला पत्थर हा किनारा पहाटेसाठी आहे. पोहण्याच्या बाबतीत एकच सांगणे आहे. खाडीच्या मुखापाशी आणि खारफुटीजवळ मगरींचा धोका असतो, म्हणून जीवरक्षकांनी आखून दिलेल्या जागेबाहेर मुलाला पाण्यात उतरू देऊ नये, पाणी कितीही शांत दिसो.

एलिफंट बीचला प्रवाळ पाहण्यासाठी बहुतेक सगळे जातात. तिथे छोट्या बोटीतून गुडघाभर पाण्यात उतरावे लागते आणि जंगलातून जाणारी पायवाट चिखलाची आहे. आईवडिलांसाठी मी ती सहल सुचवणार नाही. आपण, पत्नी आणि मुलगा सकाळी लवकर जाऊन यावे. आईवडिलांना प्रवाळ दाखवण्यासाठी नीलवरील भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटी आहेत आणि त्यांत बसणे बरेच सोपे आहे. स्कूबा करायचा असल्यास तो हॅवलॉकच्या मुक्कामातच उरकावा, कारण पाण्याखाली श्वास घेऊन आल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तास जाऊ देणे सुरक्षित मानले जाते आणि हा नियम घाईच्या कार्यक्रमात हमखास मोडला जातो.

चौथ्या दिवशी नीलला जावे. हॅवलॉकहून बोटीने तासाभराचा रस्ता. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांनी वसवलेले हे छोटे, सपाट, हिरवे बेट आहे. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर अशी इथल्या गावांची नावे ऐकून आपल्या आईवडिलांना फार आपलेसे वाटेल. इथली भाजी इतर बेटांवर जाते, त्यामुळे शाकाहारी जेवणाची जी चिंता आपण व्यक्त केली आहे ती इथे तरी करू नये. साध्या खाणावळीत गरम भात, डाळ, पालेभाजी आणि तळलेले वांगे मिळाले की आणखी काही लागत नाही.

नीलवर समुद्राचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरील खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीतच पाहता येते आणि भरतपूरच्या काचेच्या बोटींना उलट पुरेसे पाणी लागते. भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वाधिक चढते आणि सर्वाधिक उतरते, त्यामुळे कमानीपाशी खडकांमधल्या डबक्यांत तारामासे, खेकडे आणि समुद्रकाकड्या पाहायला तेच दिवस उत्तम. निघण्यापूर्वी पोर्ट ब्लेअरचे भरती-ओहोटीचे तक्ते आपल्या तारखांसाठी पाहून ठेवावेत. कमानीपर्यंतचा रस्ता निसरड्या, टोकदार प्रवाळखडकांवरून जातो. तिथे चपला घालून जाऊ नये आणि वडिलांचा तोल थोडा जरी जात असेल तरी त्यांनी वरच थांबावे.

नीलला दोन रात्री काढून सहाव्या दिवशी सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला परतावे. बोट वेळेवर आली तर दुपारी रॉस बेट पाहता येते, ॲबरडीन धक्क्यावरून ते अगदी जवळ आहे. इंग्रजांचे हे मुख्य ठाणे होते. आज चर्च, बेकरी, नृत्यगृह यांच्या भिंती वडपिंपळाच्या जातीच्या झाडांच्या मुळांनी कवटाळून धरल्या आहेत आणि मधून हरणे फिरत असतात. आठवड्याच्या सुटीचा वार मात्र आधी विचारून घ्यावा. बोट उशिरा आली तर रॉस सोडून द्यावे, तो अर्धा दिवस त्यासाठीच मोकळा ठेवलेला आहे.

राहिला प्रश्न बाराटांग आणि दिगलीपूरचा. दिगलीपूर उत्तर टोकाला आहे, तिथे जाण्या-येण्यातच दोन दिवस जातात. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि खारफुटीतून जाणारा जलमार्ग सुंदर आहे हे खरे, पण रस्त्याने जायचे तर जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून वाहनांच्या ताफ्यात जावे लागते आणि पहिला ताफा गाठण्यासाठी पहाटे तीनच्या सुमारास निघावे लागते. आईवडिलांची दमणूक हे कारण पुरेसे आहे, पण माझे कारण वेगळे आहे. जारवा काही शेकड्यांत उरले आहेत. बाहेरच्यांशी संपर्क वाढल्यावर त्यांच्यात गोवराची साथ येऊन गेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच त्या भागातील रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता. तिथे छायाचित्रण करणे किंवा त्यांना खाऊ देणे हा गुन्हा आहे, तरीही काही वाहनचालक ‘नशीब असेल तर दिसतील’ असे सांगून प्रवाशांना आमिष दाखवतात. माणसे पाहायला गाडीतून डोकावणाऱ्यांच्या रांगेत आपण बसू नये, असे मला मनापासून वाटते. म्हणून मी दोन्ही वेळा गेलो नाही.

आरक्षणाचा क्रम असा ठेवावा की आधी विमान, त्याच दिवशी बोटींच्या वेळांची चौकशी आणि मगच हॉटेले. मुंबईहून बहुधा चेन्नई किंवा कोलकाता इथे विमान बदलावे लागते. सकाळी पोर्ट ब्लेअरला पोहोचवणारे विमान मिळाले तर पहिला दिवस वाया जात नाही. हॅवलॉक आणि नीलवर मोबाइलचे जाळे अधूनमधून जाते, तेव्हा तिकिटांच्या कागदी प्रती आणि पुरेशी रोकड बरोबर असू द्यावी. आईवडिलांची नेहमीची औषधे दोन दिवसांची जास्त घ्यावीत, कारण बोट अडकली तर छोट्या बेटावर नेमके तेच औषध मिळेल असे नाही. आणि किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा किंवा शंख बॅगेत ठेवू नये हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. प्रवाळ आणि शंखांच्या अनेक जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, विमानतळावर सामान तपासले जाते, आणि परतीच्या दिवशी ते त्याच्याकडून काढून घेतले गेले तर त्याला फार वाईट वाटेल.