गिटारचा पडदा

सांगलीच्या एका वाचकाने विचारले आहे की, गिटारवर श्रुती, म्हणजे नेहमीच्या बारा स्वरांच्या अधलेमधले सूक्ष्म स्वर, वाजवायच्या असतील तर नुसत्या तारा जुळवून भागेल काय, आणि 'फ्रेट'ला, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या काडीला, मराठीत 'पट्टी' म्हणावे काय.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण 'गिटारची पट्टी' ऐकून माझे कान किटले आहेत. पट्टी असते पेटीला. तारवाद्याच्या दांडीवर असतो तो पडदा, आणि मिरजेच्या कोणत्याही सतारमेकराच्या दुकानात घटकाभर बसलात तरी 'पडदे बांधायचे राहिलेत' हे शब्द कानी पडतील.

परिभाषा घडवणाऱ्यांना हा शब्द फारसी म्हणून खटकतो आणि ते 'सारिका' पुढे करतात. सारिका हा संगीतशास्त्राच्या संस्कृत ग्रंथांतला शब्द आहे हे मान्य. पण मराठी कानाला सारिका म्हणजे मैना, आणि 'चौथी सारिका दाब' असे शिष्याला सांगणारा गुरू मला अजून भेटलेला नाही. शिवाय या मंडळींनी पडद्याचे गोत तपासलेले दिसत नाही. फारसीत 'पर्दे' म्हणजे दारावरचा पडदा, वाद्याच्या दांडीवरचाही पडदा, आणि तोच शब्द पुढे स्वरांतरालाही चिकटला. पूर्ण स्वरांतर ते 'पर्दे' आणि अर्धे ते 'नीम-पर्दे', तर पाव स्वरांतरासाठीही 'पर्दे'लाच पाव हे विशेषण लागते. तुर्कीत 'पेर्दे' म्हणजे पडदा आणि स्वरही. आपण पेटीच्या पट्टीवरून गायकाचा स्वर 'काळी चार' असा सांगतो, तोही हाच न्याय. माझा तर्क असा की, बोटाच्या पलीकडचा तारेचा तुकडा मुका राहतो, म्हणजे झाकला जातो, म्हणून तो पडदा. याला पुरावा मागू नये.

आता तारांविषयी. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असल्यामुळे कारागीर तो अंगठ्याने केसभर सरकवून कोमल गांधार हवा तिथे आणतो. गिटारचा पडदा मात्र फळीत खाच पाडून ठोकलेला असतो. तिथे सप्तकाचे १२ समान भाग असतात, आणि त्यामुळे सप्तकाचे १२०० सेंट धरले तर गिटारचा शुद्ध गांधार षड्जाशी कंपनसंख्येचे ५:४ हे प्रमाण असलेल्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो. खुंटी पिळली की अख्खी तार चढते किंवा उतरते, पडद्यांमधले अंतर तेवढेच राहते. म्हणून केवळ जुळवून भागत नाही. तुर्की वादक तोल्गाहान चोउलू यांनी २००८ मध्ये प्रत्येक तारेखालचा पडदा स्वतंत्रपणे सरकवता येईल अशी गिटार रचली. तिच्यासाठीही नवा शब्द घडवायला नको, कारण पडदे सरकवून वाजवायच्या सतारीला आपल्याकडे 'चल थाटाची सतार' म्हणतातच.