सपाट गोल्फ कोर्सवर खेळायची सवय आहे, आता पहिल्यांदाच डोंगरातल्या, दाट झाडीतल्या कोर्सवर खेळणार आहे. काय वेगळं असतं? जास्तीचे बॉल न्यावेत का?

न्या की, पाच-सहा जास्तीचे असू द्या बॅगेत. पण बॉल हरवून जेवढा स्कोअर (म्हणजे एकूण फटके, कमी तेवढे चांगले) वाढेल त्यापेक्षा जास्त तो पायाखालच्या उतारामुळे वाढतो, तयारी त्याची करा.

टी (जिथून पहिला फटका मारतात ती जागा) सोडला तर सपाट जागा क्वचितच मिळते. उजव्या हाताने खेळत असाल आणि बॉल पायांपेक्षा उंचावर असेल तर तो डावीकडे जातो, मग क्लब जरा खाली धरायचा आणि निशाणा थोडा उजवीकडे. बॉल पायांच्या खाली असला की उलटं, आणि हा शॉट मला तरी सगळ्यात वैतागाचा वाटतो कारण शेवटपर्यंत गुडघे वाकवून खालीच राहावं लागतं, जरा जोर लावला की अंग वर उठतं, फटका बॉलच्या माथ्यावर बसतो आणि तो गवतातून सरपटत जातो. तिथे अर्धाच स्विंग करा, ताकद राहू द्या बाजूला.

अंतराचं पण असंच. ग्रीन (होलभोवतीची बारीक गवताची जागा) 10 मीटर वर असेल तर ढोबळमानाने 10 मीटर जास्त धरायचे, खाली असेल तर तेवढे कमी. आणि दरीत उभं राहून वारा नाहीये असं समजू नका, झाडांचे शेंडे बघा, बॉल तिथूनच जाणार आहे.

आता झाडीचं. टी शॉट आत गेल्यासारखा वाटला तर शोधायला जायच्या आधीच प्रोव्हिजनल बॉल (पहिला हरवलाच तर खेळायचा राखीव बॉल) मारतोय असं स्पष्ट सांगून दुसरा मारून ठेवा, कारण 2019 पासून शोधायला 5 ऐवजी 3 मिनिटंच मिळतात आणि वाळलेल्या पानांत ती कुठे जातात कळत पण नाही. बॉल सापडला तर सुटी पानं-काटक्या बाजूला करता येतात (हळूच, बॉल हलला तर एक पेनल्टी, म्हणजे एक जादा फटका), पण स्विंगला आड येते म्हणून फांदी मोडायची नाही. मुळाला चिकटलेला असेल तर सरळ अनप्लेएबल घ्या, म्हणजे इथून खेळता येत नाही असं सांगून बॉल दुसरीकडे घ्या, एक स्ट्रोक गेला तर गेला, मनगट आणि क्लब तरी वाचेल. दोन खोडांच्या फटीतून ग्रीन दिसतं आणि मोह होतो, माहितीये, पण आडवा मारून फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) या.

पटिंगला (ग्रीनवर बॉल होलकडे घरंगळवताना) डोळे फसतात. सगळा डोंगरच एका बाजूला कललेला असतो त्यामुळे ग्रीन सपाट वाटतं, म्हणून ग्रीनकडे चालत येतानाच लांबून त्याचा एकूण उतार बघून ठेवा, वर पोचल्यावर तो नीट दिसत नाही.

बूट चांगल्या पकडीचेच घाला, झाडाखालच्या ओल्या पानांवरून पाय सटकतो.