साताऱ्याकडच्या वाड्यांत पहिली पैसे भरून बघायची छत्री कुणाची, टाटा स्काय की डिश टीव्ही?

डिश टीव्हीचीच, देशातली पहिली खासगी डीटीएच (उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर चॅनेल देणारी) सेवा तीच, ऑक्टोबर 2003 मधली, आणि टाटा स्काय ऑगस्ट 2006 मध्ये आली. अशा सेवांना सरकारी परवानगी त्याआधीच म्हणजे नोव्हेंबर 2000 ला मिळाली होती (1997 पासून बंदी होती), पण धंदा उभा राहायला तीन वर्षं गेली. टाटा स्काय आधी आली असं लोकांना वाटतं, कारण सुरुवातीला डिश टीव्हीवर स्टारचे चॅनेल नव्हते. त्यामुळे सातारा-कराडसारख्या गावांत लोक केबलवरच खूश होते. छत्री लागली ती जिथे केबलवाल्याला वायर ओढणं परवडत नव्हतं तिथे. मी पाटण-जावळीच्या बाजूला छत्र्या बसवायचं काम केलंय. आपल्याकडून दोन्ही उपग्रह आग्नेयेकडे, टाटा स्कायचा 83 अंश पूर्व रेखांशावर, डिश टीव्हीचा त्याहून पूर्वेला, म्हणून जरा खाली. त्या अंगाला डोंगर आडवा असला की पत्र्यावर चढून कितीही नट पिळा, सिग्नल येत नाही. फणसाची फांदीसुद्धा पुरते.

एक मात्र बघा: तुमच्या वाडीतली जुनी छत्री महिन्याचे पैसे न भरता चालत असेल, तर ती बहुधा दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस. तीही डिसेंबर 2004 ची, टाटा स्कायच्या आधीचीच. आणि दुकानात आता टाटा स्काय मागू नका, 2022 पासून नाव टाटा प्ले झालंय.