मुंबईत पोलिसांचे कॅमेरे गाड्यांच्या नंबर प्लेट वाचतात, त्यावर कायद्याचं बंधन आहे का?

चलनापुरतं आहे, नुसत्या ये-जा नोंदींसाठी वेगळा कायदा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७अ (२०२१) वाचा: कॅमेरे असलेल्या रस्त्यावर आधी फलक हवा, १५ दिवसांत नोटीस जायला हवी, चलन निकाली निघेपर्यंत नोंद जपायची. पण ज्याने काहीच मोडलं नाही, सरळ सी-लिंकवरून वांद्र्याला गेला, त्याच्या गाडीची नोंद किती दिवस ठेवायची, कोणी पाहायची, हे त्यात नाही. खरी काळजी इथेच आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही गुन्हे तपासाला बरीच सूट देतो. तरी पोलिसांना मोकळं रान नाही: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त पाळत असेल तर उच्च न्यायालयात दाद मागता येते.