चित्रं, मुद्राचित्रं, कापड आणि व्हिडिओ एकाच प्रदर्शनात असतील तर परीक्षण कसं लिहावं?

लातूरच्या गटप्रदर्शनावर ४०० शब्द हवेत आणि माध्यमं चार, ही तुमची अडचण. चारही माध्यमांना एकच फूटपट्टी लावू नका. वस्तू बनली कशी ते आधी ओळखा, मत नंतर. अजिंठ्याच्या चित्रांना आजही सर्रास ‘फ्रेस्को’, म्हणजे ओल्या गिलाव्यावरची चित्रं म्हणतात. ती कोरड्या गिलाव्यावरची आहेत. फ्रेस्को म्हटलं की गिलावा वाळायच्या आत उरकलेल्या हाताचं कौतुक ओघानं येतं, आणि नेमकं तेच चुकतं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत पाठी दिसतात, चित्रं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जा. पहिली फेरी वही न काढता, भिंतीवरचं निवेदन न वाचता. दुसऱ्या फेरीत नाव, साल, माध्यम, आकार उतरवून घ्या. आकारात उंची आधी, मग रुंदी. ‘मिश्र माध्यम’ एवढंच लिहिलं असेल तर काय काय मिसळलंय ते विचारा.

मुद्राचित्राखाली (प्लेट किंवा ठोकळ्यावरून छापलेल्या चित्राखाली) पेन्सिलीनं ३/१५ असं असतं: पंधरापैकी तिसरा ठसा. एचिंग (आम्लानं कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापलेलं) असेल तर प्लेटच्या कडेचा दाब कागदावर उमटलेला दिसतो. तो नसेल तर भिंग लावा. बारीक रंगीत ठिपके दिसले तर तो बहुधा चित्राचा डिजिटल प्रिंट. त्यात वाईट काही नाही, पण त्याला एचिंग म्हणून गौरवू नका.

विणलेलं काम असेल तर मागची बाजू दाखवायला सांगा, पदर उलटून बघतात तसं. हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते, हिमरू या रेशीम-सुती नक्षीदार कापडाच्या मागे सुटे धागे लोंबतात. कलाकारानं यातलं तंत्र घेतलंय की नुसता मोर, हे तिथंच कळतं. (मोर फार होतात.)

एखादं शिल्पही ठेवलं असेल तर त्याला पूर्ण प्रदक्षिणा घाला. ब्राँझसारखं दिसणारं पुष्कळदा रंगवलेलं फायबर असतं. हात न लावता विचारून घ्या. व्हिडिओ किती मिनिटांचा ते पाहा आणि सुरुवातीपासून पूर्ण बघा. मधूनच दोन मिनिटं बघून लिहिलेलं लगेच कळतं. खिडकीच्या उजेडानं पडदा फिका पडला किंवा वीज गेली, तर तो दोष मांडणीचा, कलाकाराच्या नावावर टाकू नका.

लिहिताना तीस कामांची यादी नको. तीन-चार कामं निवडा, प्रत्येकी ऐंशी शब्द. उरलेल्यात मांडणी, उजेड, दोन कामांमधलं अंतर. ‘मनमोहक रंगसंगती’सारखं वाक्य शेजारच्या चित्रालाही चिकटत असेल तर खोडा. आपल्याकडे चित्रकार ओळखीचाच निघतो, म्हणून कच्चा खर्डा त्याला दाखवू नका. फक्त नावाचं स्पेलिंग, साल आणि फोटोची परवानगी फोनवर पक्की करा.