तळपायावरची टिचकी

"मॅडम बाळ मस्त आहे, वजन वाढतंय, डॉक्टर म्हणाले आता तीन महिन्यांनी या. मग मलाच का अजून असं होतं?"

बाळ एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी आलेल्या आया हा प्रश्न हमखास विचारतात. बाबा सहसा विचारत नाहीत, ते बाहेर गाडी पार्क करायला गेलेले असतात आणि पार्किंग सापडायला त्यांना बरोब्बर पाऊण तास लागतो. ठाण्याला नौपाड्यात पार्किंगची बोंब आहे हे खरं, पण इतकी नाही.

ही गोष्ट अशाच एका जोडप्याची. घोडबंदर रोडला राहतात, नावं लिहीत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदललेत. तिला तिसाव्या आठवड्यात बीपी वाढलं, ताबडतोब सिझर, बाळ १२४० ग्रॅमचं. आपल्याकडे म्हणतात तसं 'काचेत ठेवलं', ४१ दिवस. माझ्याकडे समुपदेशनाला आली तेव्हा पिल्लू साडेपाच महिन्यांचं होतं आणि गुबगुबीत झालं होतं.

पहिल्याच भेटीत माझ्याकडून चूक झाली, ती आधी सांगते. मी हसून म्हटलं, "अगं पण आता तर सगळं छान आहे ना!" तिचा चेहरा असा काही मिटला की मला लगेच कळलं, हेच वाक्य हिला सासूपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी ऐकवलंय आणि पैसे देऊन तेच ऐकायला ही इथे आली नाहीये. मग मी गप्प बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मी रात्री त्याला टिचकी मारते."

कसली टिचकी?

तर एनआयसीयूत तिने पाहिलं होतं. लवकर जन्मलेल्या बाळांचं मेंदूतलं श्वासाचं केंद्र पुरतं तयार नसतं, त्यामुळे मधेच श्वास थांबतो, वीस सेकंद, कधी जास्त, मॉनिटर बोंबलायला लागतो, सिस्टर येतात, तळपायाला हलकेच टिचकी मारतात की बाळ दचकून श्वास घेतं. सिस्टरसाठी रोजचं काम. पण हिने काचेबाहेरून ते पाहिलं आणि डोक्यात बसलं की कोणीतरी टिचकी मारतंय म्हणून हा जिवंत आहे. घरी मॉनिटर नाही, सिस्टर नाही, मग टिचकी कोण मारणार? ही. रात्रीतून सहासात वेळा, पोर शांत झोपलेलं असताना. ते उठून रडायचं, रडलं की हिला हायसं वाटायचं, नवरा उशीत तोंड खुपसून चिडायचा, सकाळी त्याला आठ-पाचची लोकल. तिच्या उशाखाली एक वही होती, दवाखान्यात त्यात वजन आणि दुधाचे मिली लिहायची, आता त्यात रात्रीचे श्वास लिहिलेले. १.१० ला अडतीस. २.०५ ला बेचाळीस. पानंच्या पानं.

मायक्रोवेव्ह वाजला की छातीत धडधड व्हायची, लिफ्टमध्ये कोणी सॅनिटायझर लावलं की मळमळायचं. मॉनिटरचा आवाज आणि त्या हात धुवायच्या लिक्विडचा वास, या दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येक एनआयसीयूवाली आई सांगते. आणि हे घरी आल्यावरच का सुरू होतं याचं लोकांना फार नवल वाटतं. अहो तिथे असताना घाबरायला वेळ कुठे होता, दर तीन तासांनी दूध काढायचं, डबी घेऊन धावायचं, पुन्हा पंप. आग विझल्यावर हातपाय थरथरतात ना तसं आहे ते.

बाळंतपणानंतर पहिले दोनेक आठवडे रडू येणं, चिडचिड होणं हे खूप जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. त्यापुढेही राहिलं तर मात्र बघायला हवं. मी एडिनबरा स्केल वापरते, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची प्रश्नावली, १९८७ पासून वापरात आहे, दहाच प्रश्न, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो, मी तो सगळ्यात आधी बघते. तिचा तिथे 'कधीच नाही' होता म्हणून माझाही जीव भांड्यात पडला. तसं नसतं तर त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं असतं, त्यात वाट बघायची नसते. (रात्रीबेरात्री फारच वाईट वाटलं तर १४४१६, टेली मानस हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.) पण एक महिना उलटून गेला तरी तेच प्रसंग डोळ्यापुढे येणं, सतत दक्ष राहणं, काही जागा टाळणं, हे आघाताचं लक्षण होतं आणि त्यावर काम लागणार होतं.

टिचकी बंद कर असं मी सांगितलं नाही. सांगून थांबली असती तर नवऱ्याच्या ओरडण्याने कधीच थांबली असती. आधी तिला तिच्या बाळाच्या डॉक्टरांकडे धाडलं, म्हटलं त्यांच्याकडून लिहूनच आण की याचा श्वास आता कसा आहे आणि कधी घाबरायचं. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे लिहून दिलं, श्वास थांबण्याचा त्रास डिस्चार्जच्या आधीच संपलाय, झोपेत पाचदहा सेकंद श्वास अडखळून पुन्हा चालू होणं लहान बाळात चालतं, आणि ओठ निळसर, छाती आत ओढली जाणं, दूध न पिणं, मलूल पडणं यातलं काही दिसलं तर थेट या. तो कागद फ्रिजवर लागला. मग ठरलं की पहिला आठवडा टिचकीऐवजी पोटावर नुसता हात. दुसरा आठवडा हात नाही, नाइटलॅम्पच्या उजेडात पोट वरखाली होताना बघायचं. मग फक्त दूध पाजायच्या वेळी. लिहायला सोपं वाटतं, मधे दोनदा घसरली, एकदा मला रात्री साडेतीनला मेसेज की 'मारली'. मी सकाळी उत्तर दिलं, "बरं."

सासूबाई तिसऱ्या भेटीला आल्या. त्यांचा राग असा की सूनबाई बारसं करू देत नाही. आणि दुसरं, शेजारचा चार महिन्यांचा पोरगा पालथा पडतो, आमचा साडेपाचचा असून नाही. मी म्हटलं काकू, हा दहा आठवडे आधी आला, ते वजा करा, तुमचा नातू अजून सव्वातीनचाच आहे, दोन वर्षांचा होईपर्यंत असंच मोजतात. त्या बोटांवर मोजत बसल्या आणि मग एकदम म्हणाल्या, "आम्हाला आत सोडलंच नाही हो, दोघांनाच परवानगी. मी नातू एक्केचाळिसाव्या दिवशी पाहिला. माझ्यासाठी तो त्याच दिवशी जन्मला." सून त्यांच्याकडे बघतच राहिली, तिला हे ठाऊकच नव्हतं.

तिचा स्वतःचा सल वेगळाच होता. सातव्या महिन्यापर्यंत लोकलने ऑफिसला गेले म्हणून झालं. आणि सासूबाई तेव्हा 'धावपळ करू नको' म्हणालेल्या, तेही डोक्यात. हे बीपी लोकलच्या धक्क्यांनी होत नाही, त्याचं मूळ वारेत (प्लॅसेंटात) असतं, वार गर्भाशयात रुजते त्या सुरुवातीच्या दिवसांतच बिघाड झालेला असतो, ठाणे स्टेशनच्या जिन्याचा काही दोष नाही. हे तिला तिच्या गायनॅकनेही सांगितलं होतं म्हणे, पण तेव्हा ऐकू आलं नसावं.

अजून एक शंका तिने फार घाबरत विचारली, की सतराव्या दिवशी बाळाला पेटीतून काढून माझ्या छातीवर ठेवलं, ते पेटी दुसऱ्याला हवी होती म्हणून तर नसेल? मला हसू आलं, कारण कांगारू केअर, म्हणजे बाळाला असं आईच्या छातीशी धरून ठेवणं, सुरूच तशी झाली, १९७८ साली कोलंबियात, बोगोटाला, पेट्या पुरत नव्हत्या म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या अंगाला बांधली आणि ती चांगली तगायला लागली. आता २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की लवकर जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर अंगावर घ्या. "म्हणजे मी त्याला काहीतरी दिलं?" असं विचारून ती इतकी रडली की माझ्या टेबलावरचे टिश्यू संपले.

आता पार्किंगवाले. त्यांना मी चौथ्या वेळी वर बोलावून घेतलं. दोघांना वेगवेगळे कागद दिले, ४१ दिवस जसे आठवतील तसे लिहून आणा, एकमेकांना दाखवायचं नाही, इथेच वाचायचं. तिचा कागद सुरू झाला तिसऱ्या दिवसापासून, कारण टाके आणि बीपी, तोपर्यंत तिने बाळ फक्त मोबाइलवर पाहिलेलं. त्याचा सुरू झाला पहिल्या तासापासून आणि नवव्या दिवशी येऊन अडकला. त्या दिवशी बाळाला पुन्हा व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं, त्याने एकट्याने सही केली आणि तिला 'सगळं ओके' सांगितलं. घरी जायच्या आधी दोन तास तलावपाळीला कठड्यावर बसला होता, समोर लोक भेळ खातायत, पोरं बोटिंग करतायत. घरी गेल्यावर डोळे लाल का तर म्हणाला, मेट्रोच्या कामाची धूळ.

मी तिला म्हटलं, तुझा नववा दिवस वाच.

तिच्या कागदावर तीनच वाक्यं होती. 'आज हा उशिरा आला. खोटं बोलला. मी विचारलं नाही.'

दोघं बराच वेळ काही बोलले नाहीत. मी पंख्याचा स्पीड कमी केला, उगाच. मग तो म्हणाला की अजूनही त्या दवाखान्याचा सिग्नल लागू नये म्हणून मी आतल्या रस्त्याने गाडी घालतो, आणि तिने विचारलं, "म्हणून आपल्याला इथे यायला इतका वेळ लागतो?"

बारसं झालं नंतर, घरातली आठ माणसं, पाळणा शेजारून आणलेला. सासूबाईंनी पाळणा म्हटला. मनगटावरची 'बेबी ऑफ' अमुकतमुक अशी प्लास्टिकची पट्टी तिने मंगळसूत्राच्या डबीत ठेवलीय, टाकून दे असं मी सुचवलंही नाही.

जुलैमध्ये पिल्लाला पहिली सर्दी झाली, तेव्हा मेसेज आला तो तिच्या परवानगीने देते. 'मॅडम काल रात्री दोनदाच उठले, फ्रिजवरचा कागद वाचला, परत झोपले. टिचकी मी नाही मारली. तीन वाजता ह्याने मारली. पोरगं पाच वाजेपर्यंत जागं. आता ह्याला पाठवू का तुमच्याकडे?'

मी लिहिलं, पाठव, पण रिक्षाने.