आभा कार्डातून माझ्या गोळ्या सासरी कळतील का?

प्रश्न: ताई, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना आभा कार्ड पण काढून घेतलं. माझ्या डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, सासरी माहीत नाही. आता ते कुणालाही दिसेल का? — एक वाचक, सातारा

उत्तर: नाही, असं कुणालाही दिसत नाही. आभा म्हणजे तुमचे आरोग्याचे रेकॉर्ड जोडणारा १४ आकडी नंबर फक्त, रेकॉर्ड राहतात त्या त्या दवाखान्याकडे किंवा लॅबकडेच, आणि दुसऱ्या डॉक्टरला बघायचे असतील तर आधी तुमची परवानगी लागते, ती ठरावीक मुदतीची असते, नंतर काढूनही घेता येते. शिवाय आभा ऐच्छिक आहे, नको असेल तर अकाउंट डिलीट करता येतं.

खरी गोम मोबाईल नंबरात आहे. आभा बहुतेक वेळा आधारवरून काढतात, आणि आपल्याकडे बायकांच्या आधारला सर्रास नवऱ्याचा नाहीतर दिराचा नंबर असतो (का, ते विचारू नका!), मग ओटीपी तिकडे, मेसेज तिकडे, परवानगी पण तोच देऊन मोकळा. त्यामुळे तुमच्या आभाला कुणाचा नंबर आहे ते आजच बघा आणि स्वतःचा टाका. केसपेपरवर लिहिलेला नंबर पण बघा, लॅबवाले रिपोर्ट त्याच व्हॉट्सअॅपवर टाकतात.

आणि हो, मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार तुमच्या आजाराची माहिती डॉक्टरांनी गोपनीय ठेवायची असते. अपवाद मोजकेच आहेत, सासूबाईंनी सहज चौकशी केली हा त्यातला नाही. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना स्पष्ट सांगा की घरी फोन करायचा नाही, आणि तसं केसपेपरवर लिहून घ्या.